पाठीवरची बटणं

टेलरकाकूंच्या यजमानांना सगळी गल्ली टेलरकाका म्हणते. या गृहस्थाने उभ्या जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही. ते पाण्याच्या पंपावर नोकरीला आहेत, आणि पंप चालू करणे व पंप बंद करणे याखेरीज तिसरी गोष्ट त्यांच्या हातून धड होते असा कोणाचाही, अगदी त्यांच्या सख्ख्या बहिणीचाही, दावा नाही. पण बायकोचं नाव गाजलं की नवऱ्याच्या अंगावर त्याचे शिंतोडे उडतातच. लोक त्यांना रस्त्यात अडवून विचारतात, माझा कोट कधी मिळणार. काका क्षणाचाही विचार न करता "उद्या" म्हणून सांगतात. शिवणाच्या धंद्यातला हा एकच शब्द त्यांना येतो, पण तो अस्सल आहे.

काकूंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात लाकडी पायावर उभा असलेला बिनडोक्याचा पुतळा. काका कामावरून आले की आपली टोपी त्या पुतळ्याच्या मानेवर ठेवतात, आणि संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातून बघताना वाटतं की काकांनी आज गाऊन घातला आहे. टेबलावर सदा कापड पसरलेलं, त्यामुळे घरातली जेवणं ज्याच्या त्याच्या मांडीवर ताट घेऊन होतात. घासात टाचणी आली तर बोंब मारायची नाही, पुसून डबीत टाकायची, असा घराचा शिरस्ता आहे.

काकू अंगाने आडव्या आणि आवाजाने उभ्या. त्यांना फॅशनचं वावडं नाही. गिऱ्हाईक बोट नेक म्हणालं तर बोट नेक, फुग्याची बाही म्हणालं तर फुगा. घालणारी बटाट्याच्या पोत्यासारखी असली तरी तिने प्रिन्सेस कट मागितला तर तिला प्रिन्सेस कट मिळतो. घेर ए-लाइन हवा की छत्रीसारखा अंब्रेला, हेही जिचं तिने ठरवावं. पण कपडा बंद कुठे होणार आणि कशाने होणार, हे मात्र काकू ठरवतात. तिथे ब्रह्मदेवाचंही चालत नाही.

माप घेऊन झालं की टेप गळ्यात टाकत त्या विचारतात, "मागून लावायला घरात कोण आहे?"

नवं गिऱ्हाईक या प्रश्नाने बावचळतं. काकूंचं म्हणणं साधं आहे. माणसाचे हात पुढे असतात. पाठीवरचं बटण हे दुसऱ्या माणसाचं काम. ते माणूस घरात नसेल तर बाई आरशासमोर हात पिरगाळत उभी राहते, घामाघूम होते, वैतागून दुसरं काहीतरी चढवते, आणि काकूंनी जीव ओतून शिवलेला कपडा कपाटात लोंबत राहतो. कपाटात लोंबणारा कपडा हा काकूंना वैयक्तिक अपमान वाटतो.

म्हणून शाळेतल्या बाईंनी मासिकातलं चित्र दाखवून पाठभर हुकांची ओळ मागितली, तेव्हा काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बगलेखाली चेन लावून दिली. बाई एकट्या राहतात. त्यांनी काही दिवस अबोला धरला, मग त्याच मापाचे आणखी दोन झगे शिवायला टाकले. पाववालीचे हात सदानकदा पिठात, म्हणून तिच्या झग्याला टिचबटणं. ती कोपराने दाबली तरी लागतात. समोरच्या आजोबांची बोटं थरथरतात, पण बाणा असा की वेलक्रोचं नाव काढलं असतं तर त्यांनी काठी उगारली असती. त्यांच्या शर्टाला पुढे झकास बटणं दिसतात. ती नुसती शोभेची, वरवर टाकलेली. आतून सगळा वेलक्रो. आजोबा तो शर्ट टर्रकन ओढून काढतात आणि कट्ट्यावर सांगतात की या वयातही मला बटणं काढायला वेळ लागत नाही.

यामुळे झालंय असं की गल्लीतल्या घरांची हवा काकूंना सगळ्यांआधी कळते. पाठीवर हुक घेणारी एखादी सूनबाई जेव्हा यंदा पुढून करा म्हणते, तेव्हा काकू ओळखतात की बिनसलंय. काही महिन्यांनी ती मान खाली घालून मागून चालेल म्हणाली की मिटलं. काकू यातलं अवाक्षर बाहेर बोलत नाहीत. बोलायची गरजच नसते. ती बाई पाठ करून वळली की सगळ्या गल्लीला वाचता येतं.

काकूंचे स्वतःचे कपडे मात्र झाडून सगळे पुढून उघडतात. लग्नाच्या नवलाईत काकांनी एकदा त्यांच्या पाठीचा हुक लावायला घेतला होता. तो काकांच्याच स्वेटरात अडकला, आणि नवरा-बायको तसेच एकामागे एक चालत शेजारणीकडे सोडवून घ्यायला गेले. तेव्हापासून काकूंनी कानाला खडा लावला.

आता या घरातलं तिसरं माणूस. काकांची धाकटी बहीण, म्हणजे काकूंच्या नणंदबाई. काकू त्यांना वन्सं म्हणतात, म्हणून गल्लीही वन्सं म्हणते. समोरचे आजोबासुद्धा म्हणतात, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटत नाही. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा वन्सं दोन वेण्या घालून शाळेत जात होत्या. आता एकच वेणी आहे आणि तीही पांढरी होऊ लागली आहे. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायचं धाडस ज्यांनी केलं, त्यांच्याकडे वन्संनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं.

वन्सं काजं करतात. हाताने. खिडकीतल्या बैठ्या स्टुलावर बसून, कापड डोळ्यांशी धरून. बटण आत शिरावं पण आपणहून बाहेर पडू नये, असं नेमकं काज. त्यांच्या काजापुढे मशीनचं काज उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. बोलणं फार कमी. साधारण एका काजामागे एक शब्द. काकू तेवढ्या वेळात एका शेजारणीची पूर्ण वंशावळ उलगडतात, आणि वन्सं दोरा तोडत म्हणतात, "खोटं." मग काकू ती वंशावळ पहिल्यापासून पुन्हा सांगतात. असं या दोघींचं वर्षानुवर्षं चालू आहे. वाद घालायला हक्काचं माणूस समोर असलं की दिवस कसा पळतो ते कळत नाही.

अशा या वन्संनी एका सकाळी बाटलीहिरव्या रंगाचं कापड टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझं माप घ्या."

काकूंनी टेप लावला. वन्सं भिंतीकडे बघत सांगत होत्या. गळा बंद. बाही मनगटापर्यंत, तिथे थोड्या चुण्या. घेर ए-लाइन, उगाच फार नको. इथवर सगळं ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "आणि बटणं मागे, वहिनी. मानेपासून कंबरेपर्यंत. कापड मढवलेली, लूपवाली."

काकूंनी सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जो प्रश्न त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक बाईला बेधडक विचारला होता, तो या वेळी त्यांना विचारवेना. मागून लावायला घरात कोण आहे, ते त्यांना पाठ होतं. एक भाऊ होता, ज्याच्या स्वेटरचा किस्सा वर आलाच आहे. दुसऱ्या स्वतः काकू, आणि वन्सं तर काकूंना आपली वेणीसुद्धा घालू देत नसत. म्हणजे या बटणांना लागणारं माणूस या घरातलं नव्हतं.

ते कोण, हे शोधायला काकूंना दुपार पुरली. रंगाला रंग जुळवून बटणं आणायला वन्सं बाजारात बटणवाल्याकडे जात. अलीकडे एकदा आणलेली बटणं बदलायला म्हणून पुन्हा जात. आणि त्या अरुंद दुकानात, जिथे गिऱ्हाइकालाही तिरकं उभं राहावं लागतं, तिथे हल्ली एक खुर्ची आली होती. वर गादी. बटणांच्या दुकानात बसायचंय कोणाला, असं तेव्हा काकूंच्या मनात आलं होतं, पण त्यांनी त्याचा पाठपुरावा केला नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

रात्रीच्या जेवणाला काकू ताटाकडे बघत म्हणाल्या, "उद्या वन्सं कुठे गेल्याच, तर काजं कोण करणार?"

काकांनी भाबडेपणाने सांगितलं की हल्ली मशीनवर होतात म्हणे. त्यानंतर त्यांना वाढायला कोणी उठलं नाही.

काकू स्वतःला बजावत होत्या की प्रश्न काजांचा आहे. इतके शर्ट, इतके कोट, हाताच्या काजासाठी लांबून येणारी माणसं. धंद्याचा विचार करायला नको का? समोरचं स्टूल रिकामं दिसेल, "खोटं" म्हणायला कोणी उरणार नाही, वंशावळी भिंतीला सांगाव्या लागतील, असला विचार त्यांच्या मनाला शिवलादेखील नाही, असं त्या अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवं कापड टेबलावर पसरलं, घडी घातली, खडूने आखलं आणि कात्री चालवली. कात्री थांबली तेव्हा काकू आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. पाठीचा भाग त्यांनी घडीवर ठेवून कापला होता. म्हणजे पाठ सलग, अखंड, बटणाला जागाच नाही. आणि पुढचा भाग कापला होता दोन तुकड्यांत, बटणपट्टीचं कापड सोडून. झगा पुढून उघडणार होता. कापड मोजकं होतं, दुसरी पाठ त्यात निघत नव्हती.

काकूंच्या हातून कापताना चूक झाल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. काकू शपथेवर सांगतात की चूकच झाली. कात्रीला कोणी विचारलं नाही.

वन्सं आल्या. त्यांनी टेबलावरचे तुकडे पाहिले, पाठीच्या भागावरून एकदा हात फिरवला. काकू घाईघाईने सांगू लागल्या की हल्ली पुढून उघडणारेच चालतात, आणि काज तुमच्याच हातचं म्हटल्यावर काय दिसेल ते. वन्संनी सगळं ऐकलं. "बरं," म्हणाल्या, आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

ते "बरं" काकूंना दिवसभर कापडात राहिलेल्या टाचणीसारखं टोचत राहिलं.

मग घरात अबोला सुरू झाला. अबोला दोघींत, पण भोगला काकांनी. काकू म्हणायच्या, अहो, त्यांना विचारा राखाडी कोटाचं काय झालं. कोट वन्संच्या मांडीवर आणि वन्सं हातभर अंतरावर. वन्सं म्हणायच्या, दादा, सांग झालाय. काका मान इकडून तिकडे फिरवत निरोप पोचवायचे. अडकित्त्यातल्या सुपारीचं वजन जसं कमी होत जातं तसं त्यांचंही होऊ लागलं. शिवाय वन्संनी बटणं आणायला जायचं बंद केलं. ते काम काकांवर आलं. त्यांनी निळ्या शर्टाला लाल बटणं आणली आणि वर सांगितलं की दुकानदार फार उदास होता, त्याला जास्त त्रास देववला नाही.

लाल बटणं घेऊन काकू स्वतःच निघाल्या.

बटणवाल्याचं दुकान म्हणजे दोन भिंती आणि मधला श्वास. भिंतीभर खण, प्रत्येक खणावर आतल्या मालाचं एकेक बटण लावलेलं. बटणवाला गोलसर, मऊ बोलणारा, कधीचा एकटा राहिलेला माणूस. काकूंना बघताच तो उठला, खुर्चीवरची गादी झटकली, आणि मग ती द्यावी की नाही या विचारात तिथेच अडकला.

"तुमचं म्हणणं पोचलं मला," तो म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

"मी कुठे काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

बटणवाल्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खाली बघत सांगितलं. त्याने वन्संना विचारलं होतं. वन्संची ना नव्हती. "पण त्या म्हणाल्या, वहिनीला तोंडानं सांगणं मला या जन्मी जमायचं नाही. मी कपडा टाकते. मागून उघडणारा शिवून दिला तर वहिनीची हरकत नाही असं समजा. पुढून शिवला, तर मी दुकानात यायची नाही, विषय संपला."

काकू त्या गादीच्या खुर्चीत बसल्या. गल्लीतल्या सगळ्या पाठी वाचणाऱ्या बाईला घरातल्या माणसाने तिच्याच भाषेत चिठ्ठी दिली होती, आणि तिने ती कात्रीने उत्तर देऊन परत पाठवली होती.

"आणि तुम्ही लगेच संपवलात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कटिंगपुढे कोण बोलणार, काकू?"

काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. बोटं जाड होती. नखं स्वच्छ होती. "तुम्हाला पाठीवरची बटणं लावता येतात का?"

बटणवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. "विकता येतात," तो म्हणाला.

"संध्याकाळी घरी या," काकू म्हणाल्या. निळी बटणं घ्यायला त्याही विसरल्या.

घरी येऊन त्यांनी हिरवे तुकडे काढले. पुढचे दोन भाग जोडून टाकले, मधल्या शिवणीवर बारीक उभे टक्स घातले, आणि ते इतके ऐटदार दिसले की जणू पहिल्यापासून तसंच योजलं होतं. राहिली पाठ. ती मधोमध चिरायची तर कडांना आतून पट्टी हवी, आणि हिरव्याची चिंधीही उरलेली नव्हती. काकांच्या कोटाचं अस्तर जवळजवळ त्याच रंगाचं होतं. कोट अजून वापरात होता, पण काकांना विचारत बसण्यात अर्थ नव्हता.

मग काकूंनी स्टुलाकडे न बघता हाक मारली. "वन्सं, जरा इकडून धरा."

किती दिवसांनी थेट हाक आली होती. वन्सं उठल्या. काकूंनी पाठीचा भाग गळ्याच्या बाजूने त्यांच्या हातात दिला, कंबरेची बाजू आपल्या डाव्या हातात ताणून धरली, आणि खडूची रेघही न मारता मधोमध कात्री घातली. कर्रकर्र आवाज करत ती मानेपासून कंबरेपर्यंत खाली आली.

"कापताना चूक झाली होती माझी," काकू म्हणाल्या.

"वहिनी, तुमची कापताना चूक होत नाही."

"मग नीट धरा. हलवू नका."

वन्संनी नीट धरलं. चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या, पण दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे पुसता येईनात. कात्री शेवटाला पोचली तशी त्या म्हणाल्या, "लूप मी करते." आणि आणखी एका दमाने, "तुम्हाला एकसारखी येत नाहीत."

काकूंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी लगेच भांडायला सुरुवात केली.

संध्याकाळी बटणवाला आला तेव्हा कच्च्या टाक्यातला हिरवा झगा पुतळ्याच्या अंगावर होता. काकांनी अदबीने आपली टोपी उचलून घेतली. वन्सं आतल्या खोलीत दोरा शोधत होत्या. त्या घरात दोरा पुढच्या खोलीत असतो.

काकूंनी बटणवाल्याला पुतळ्यामागे उभं केलं आणि लावा म्हणाल्या. त्याने वरून सुरुवात केली. जन्मभर बटणं हाताळलेला माणूस, पण त्याच्या दुकानात बटणं सुटी असत, त्यांना कोणी चिकटलेलं नसे. मढवलेलं बटण बोटांतून निसटे, लूप नखाखाली दडून बसे. कंबरेपाशी पोचला तेव्हा बटण एक उरलं होतं आणि लूप संपलं होतं.

"परत," काकू म्हणाल्या.

काका त्याच्या कानाशी लागले आणि अनुभवाचा सल्ला दिला, की आधी अंगातला स्वेटर काढून ठेवा. बटणवाल्याने मुकाट्याने काढला. दुसऱ्या खेपेला त्याने लूप तोडलं. आतून दोरा शोधण्याचा आवाज एकदम थांबला, आणि त्याजागी कोणीतरी तोंडावर हात दाबून हसल्याचा आवाज आला. काकांनी बहिणीला असं हसताना ती शाळेत असताना शेवटचं ऐकलं होतं. ते टोपी हातात घेऊन दाराकडे बघत राहिले.

"खालून वर यायचं," काकू जरा मवाळ झाल्या. "कंबरेला जुळलं की मानेपर्यंत आपोआप जुळतं. आणि घाई नाही करायची. पुढचं माणूस कुठे पळून चाललंय?"

बटणवाला खालून वर आला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. शेवटचं बटण लागलं तेव्हा पाठ सरळ रेघेत बंद झाली होती. काकूंनी वाकून, टेप लावल्यासारखं डोळ्याने मोजून पाहिलं, आणि काकांना म्हणाल्या, "अहो, चहा टाका." ज्या घरात काकांना चहा टाकू देतात त्या घरात मोठा आनंद झाला आहे असं समजावं.

लग्नाच्या कचेरीत सह्या झाल्या त्या सकाळी वन्संच्या पाठीवरची बटणं काकूंनी लावली. वन्सं हूं का चूं न करता उभ्या राहिल्या. ओळ काही फार लांब नव्हती, पण काकूंना लावायला बराच वेळ लागला. दारातून काका दोनदा डोकावून गेले.

बटणवाल्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तरी दुसऱ्या दिवशी पुढची खोली मैदानाएवढी वाटत होती. काकूंनी स्वतः एक काज केलं. ते जांभई दिल्यासारखं झालं. त्यांनी उसवून पुन्हा केलं, तर ते रडवेलं झालं. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, येईल ती उद्या. काकू म्हणाल्या, तुमचं उद्या मला माहितीये.

पण यावेळी काकांचं उद्या खरं निघालं. कामाच्या दिवशी, बाजाराच्या वेळी, तोच हिरवा झगा घालून वन्सं दारात उभ्या. आत आल्या आणि काही न बोलता पाठ करून वळल्या.

"आज त्यांनी लावली," त्या म्हणाल्या. "एकट्यांनी. बरी लागलीत ना?"

काकूंनी पाहिलं. काकूंनी शिकवल्याप्रमाणे बटणवाल्याने अगदी खालून सुरुवात केली होती. फक्त पहिलं लूप सोडून. त्यामुळे सगळी ओळ एका घराने वर सरकली होती, कंबरेला एक रिकामं लूप लोंबत होतं, मानेशी एक बटण पोरकं राहिलं होतं आणि मधे हिरव्या कापडाला बारीक बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. बटणवाली बाई भर बाजारातून पाठीवर असला नकाशा घेऊन चालत आली होती. काकूंचे दोन्ही हात आपोआप वर गेले. त्या हातांनी आजवर असली ओळ कधी तशीच राहू दिली नव्हती. ते हात थोडा वेळ हवेतच राहिले, मग खाली आले आणि त्यांनी शर्टांची टोपली उचलली.

"छान लागलीत," काकू म्हणाल्या, आणि टोपली स्टुलापाशी सरकवली.

वन्सं बसल्या, खिडकीकडे पाठ करून, सगळ्या गल्लीला वाचता येईल अशा. काकूंनी मशीनवर पाय ठेवला आणि शाळेतल्या बाईंच्या मावसभावाची हकिकत सुरू केली. ती रंगात येते न येते तोच नव्या झग्याचं माप द्यायला पाववाली आली. तिची नजर खिडकीकडे गेली आणि डोळे विस्फारले.

"अगंबाई, काकू, वन्संच्या पाठीला..."

"हात वर करा," काकू म्हणाल्या, आणि तिच्या छातीभोवती टेप असा आवळला की पुढचं वाक्य आतल्या आतच राहिलं.